दोन ट्रॉल्या जोडू का?

प्रश्न : माझा ट्रॅक्टर 45 एचपीचा. वरच्या रानातून डांबरीवर यायला मोठा उतार आहे. ट्रॉलीच्या आरसीवर रिकामं वजन 1,900 आणि भरून 8,000 किलो लिहिलंय. गेल्या हंगामात काट्यावर निव्वळ ऊस 9,450 किलो भरला, तरी ट्रॅक्टर दमला नाही. यंदा मागं दुसरी ट्रॉली जोडावी म्हणतो. चालेल का?
– एक वाचक, शिराळा तालुका

उत्तर : नाही. आहे त्या एका ट्रॉलीतच तुम्ही जास्त भरताय.

आठ हजारातून रिकामं वजन वजा करा, ऊस राहिला 6,100 किलो. तुम्ही 3,350 जादा घातला. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 सांगतं. पण दंडाचं एक वेळ सोडा, ओढायचं काय, ट्रॅक्टर ओढतोच. थांबणार कसे?

तुमची भरलेली ट्रॉली 11,350 किलोची. दहा फुटांना एक फूट उतार धरला तरी सव्वाअकराशे किलोचा रेटा मागून येतो. ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास आणि ट्रॉलीला बहुतेक ब्रेकच नसतो. रेट्यानं ट्रॉली आडवी फिरली की ट्रॅक्टर दुमडून तिच्याखाली जातो. वेग वीसवरून तीस केलात तर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर सव्वादोन पट होतं. उताराला लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे महाभाग मी पाहिलेत. डाव्या-उजव्या ब्रेकच्या पायट्या पट्टीनं जोडलेल्या आहेत ना, हेही बघा. रानात त्या सुट्या करतो आणि तशाच रस्त्यावर येतो. एकीकडचाच ब्रेक लागला की संपलं.

हुकाची एक गोष्ट सांगतो, चूक माझ्याच हातची. पलूसला गॅरेज नवीन होतं. एका गिऱ्हाइकानं सरीला हुक घासतो म्हटलं, मी तो वीतभर वर वेल्डिंग करून दिला. भरली ट्रॉली घेऊन तो बांध चढायला लागला आणि पुढची चाकं जमीन सोडून उठली. पोरानं क्लच दाबला म्हणून वाचला. हुक मागच्या एक्सलच्या वर गेला की ओढताना ट्रॅक्टर मागं उलटू बघतो. त्याच संध्याकाळी मी तो कापून खाली घेतला. तुमचाही कुणी वर केलाय का, बघा. पिनला खिट्टी हवी, खिळा नव्हे, आणि जोडीला साखळी.

आता भरताना टोळी ऐकत नाही, हे मलाही माहीत आहे. त्यांना पैसे टनावर, ते मोळ्या चढवतच राहणार. पहिल्या खेपेला अंदाजानं कमीच भरा, काट्यावर सहा टनांच्या आत बसेल इतकं. जिथवर ऊस आला तिथं ट्रॉलीच्या चारी दांड्यांना तांबड्या रंगाची रेघ मारा. पुढच्या खेपेला मुकादमाला रेघ दाखवा.