जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा मिसळताना

प्रश्न (जिंतूर तालुक्यातून, थोडक्यात): शेतातल्या आखाड्यावर आठ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. आठवडी बाजारातून चार गिरिराज जातीच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. दुसऱ्या दिवशी जुन्या कोंबड्यांनी एकीचं डोकं रक्तबंबाळ केलं. दहाव्या दिवसापासून जुन्यांतल्याच तीन कोंबड्या हिरवट-पांढरी हगवण लागून मेल्या. चूक कुठे झाली? पुन्हा आणायच्या तर कशा मिसळायच्या?

उत्तर: तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. डोकं फोडलं ते मानासाठी. कळपात कोण आधी दाणा टिपणार, कोण वरच्या दांडीवर बसणार हे ठरलेलं असतं आणि नवी कोंबडी आली की ते पुन्हा ठरतं. जुन्या कोंबड्या मेल्या त्या मात्र रोगाने, आणि लक्षणं व दिवस पाहता पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, येतो. हा रोग शरीरात शिरल्यापासून साधारण पाच-सहा दिवसांत, कधी पंधरा दिवसांनीही दिसतो. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एकाच डालग्याखाली असतात. तिथून आणलेली तलंग वरून ठणठणीत दिसली तरी रोग घेऊन येऊ शकते. म्हणून वेगळं ठेवण्याचे दिवस आणि ओळखीचे दिवस असे दोन हिशेब धरा. बहुतेक घरी ओळखीची काळजी घेतली जाते आणि वेगळं ठेवणं राहून जातं. नुकसान तिथेच होतं.

शक्यतो बाजारातून आणूच नका. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात किंवा लसीकरणाची नोंद ठेवणाऱ्या संगोपकाकडे चौकशी करा आणि पक्ष्यांना कोणती लस कधी दिली ते लिहून घ्या.

नव्या तलंगा जुन्या खुराड्यापासून निदान 30-40 फूट लांब ठेवा. वारा नव्यांकडून जुन्यांकडे वाहणार नाही अशी बाजू निवडा. चार पक्ष्यांना 4 बाय 6 फुटांचा पिंजरा पुरतो. जाळी अर्ध्या इंचाची लावा, नाहीतर मुंगूस आणि मांजर दोघांचीही सोय होते. दाणा-पाण्याची भांडी वेगळी ठेवा. रोज आधी जुन्यांचं काम उरका, मग नव्यांकडे जा, आणि परतताना साबणाने हात धुवा, चप्पल बदला. हा क्रम उलटा झाला तर वेगळं ठेवण्याला अर्थ राहत नाही.

दिवस असे मोजा. पहिले तीन दिवस फक्त विसावा. प्रवासाने दमलेल्या पक्ष्यांना आल्या आल्या गुळाचं पाणी द्यावं. चौथ्या दिवशी पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मात्रेत जंताचं औषध. त्यानंतर आठवड्याने, म्हणजे अकराव्या दिवशी, मानमोडीची आर-टू-बी लस: पंखाखाली कातडीत अर्धा मिली, पक्षी आठ आठवड्यांहून मोठा आणि निरोगी असेल तरच. जुन्यांना आधी लस झाली नसेल तर त्यांनाही त्याच दिवशी द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांची अंडी काही दिवस कमी होतील, तेवढं सोसा. लसीची ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून वेगळं ठेवण्याचे एरवीचे 21 दिवस इथे 25 धरा. लसीची बाटली निदान शंभर पक्ष्यांची असते आणि विरघळवल्यावर दीड-दोन तासांत संपवावी लागते. शेजारची चार-पाच घरं एकत्र करा आणि बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणा.

या दिवसांत रोज विष्ठा, नाक आणि डोळे पाहा. रात्री कान देऊन घरघर ऐका. शेपटीखालची पिसं उलटून उवा बघा. शेवटच्या आठवड्यात जुन्यांतली एक कोंबडी नव्यांच्या पिंजऱ्यात सोडून पाहावी. नव्या वरून निरोगी दिसत असूनही काही रोग बाळगून असतील, तर तो आधी या कोंबडीत दिसतो आणि बाकीचा कळप वाचतो. तिला मधेच परत नेऊ नका.

जुन्या खुराड्याकडेही याच काळात लक्ष द्या. मातीच्या भिंतीच्या फटींत कोंबड्यांची गोचीड दिवसा लपते, रात्री रक्त पिते आणि उपाशी कित्येक महिने तग धरते. जुन्या कोंबड्यांच्या अंगवळणी पडलेला हा त्रास नव्यांना झेपत नाही. फटी लिंपून चुना द्या.

पंचवीस दिवस सुखरूप गेले की पिंजरा खुराड्याला लागून आणा. आठ-दहा दिवस मध्ये फक्त जाळी असू द्या, दोन्हीकडचा दाणा जाळीजवळ टाका. एकमेकींना पाहत खाण्याची सवय झाली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मग एका संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, सगळ्यांना अंगणात एकत्र सोडा. नव्यांना दांडी माहीत नसते, त्यांना अंधारात हाताने उचलून बसवा. फक्त रात्री गुपचूप बसवून सकाळी सगळं ठीक होईल, असं मात्र मानू नका. उजाडताच खुराडं उघडायला तुम्ही तिथे हवेत. कोंडलेल्या जागेत मार खाणाऱ्या कोंबडीला पळायला वाट नसते.

खुराड्यात प्रत्येकीला दोन-अडीच चौरस फूट आणि दांडीवर आठ इंच जागा लागते. भांडी कमीत कमी तीन ठिकाणी, एकमेकांपासून सहा-सात फुटांवर ठेवा. अंगणात पऱ्हाट्यांचे किंवा तुराट्यांचे दोन भारे तिरके उभे करा, आडोसा मिळाला की पाठलाग थांबतो. पहिले दोन-तीन दिवस तुरा धरणं, हाकलणं चालेल. त्यात पडू नका. रक्त आलं, तिघी एकीवर तुटून पडल्या किंवा एखादी दिवसभर दाण्याला आली नाही, तरच हात घाला. संध्याकाळी नव्यांच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. एखादीची रिकामी लागली तर त्या कोंबडीला कोणी खाऊ देत नाही.

जखमी कोंबडी लगेच वेगळी काढा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्याही टोचू लागतात. जखमेला जेन्शन व्हायोलेट लावा, त्याने लाली झाकली जाते. मात्र खरी शिक्षा मारणारीला द्यावी. तिला तीन-चार दिवस नजरेआड कोंडा. परत येते तेव्हा तिचा जुना मान उरलेला नसतो.

एकटी तलंग कधी आणू नका, निदान तीन आणा. गिरिराज अंगाने मोठी असली तरी चपळाईत गावरानपुढे टिकत नाही, म्हणून 16 आठवड्यांच्या आत मिसळू नका. दुसरा कोंबडाही नको, आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. अंड्यावर नसलेल्या तलंगांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं चुन्याचं प्रमाण जास्त असलेलं खाद्य देऊ नका, त्याने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यावरची कोंबडी आपल्या गरजेपुरता उचलते.

आपल्याकडे यासाठी दसऱ्यानंतरचे दिवस चांगले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना भांडणाची दमछाक जिवावर बेतते, आणि मृगानंतर ओल्या जमिनीत रक्ती हगवण वाढते. थंडीत बर्ड फ्लूच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळ मुरुंब्यात कोंबड्यांत आणि जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळ्यांत तो आढळला होता. आसपास कावळे किंवा कोंबड्या अचानक मरू लागल्या तर नवे पक्षी आणणं थांबवा, मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

तुमच्या तीन कोंबड्या मेल्याला फार दिवस झाले नसतील, तर महिनाभर नवा पक्षी आणू नका. खुराड्यातला जुना भुसा आणि विष्ठा गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, भांडी धुऊन कडक उन्हात ठेवा, आणि उरलेल्या कोंबड्या पशुवैद्यकांना दाखवूनच त्यांना लस द्या.