'मागी' माग काढत आले नव्हते

प्रश्न असा आहे: "नाताळात सगळे 'तीन राजे' म्हणतात, पण मराठी बायबलात 'पूर्वेकडून मागी लोक आले' असं छापलंय. ताऱ्याचा माग काढत आले म्हणून 'मागी' का? की काही मागायला आले म्हणून?"

दोन्ही नाही. कल्पना गोड आहे, पण चुकीची. 'माग काढणे'तला माग संस्कृत 'मार्ग'वरून आला. 'मागणे'ही त्याच घरातलं, कारण 'मार्गण' म्हणजे शोधणं आणि याचना करणंही. बाळ येशूला पाहायला बेथलेहेमला गेलेल्या या मंडळींचा त्या घराशी संबंध नाही. शिवाय ती मागायला नव्हे, द्यायला गेली होती: सोनं, ऊद आणि गंधरस.

आधी 'तीन राजे' निकालात काढतो, कारण दर डिसेंबरात ते कानावर आदळतात. मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा. तिथे 'तीन' नाही आणि 'राजे'ही नाहीत. भेटी तीन, म्हणून माणसं तीन, असा हिशेब लोकांनी केला. पूर्वेकडच्या सिरियाई परंपरेत तर ते बारा आहेत. राजेपण चिकटलं ते जुन्या करारातल्या 72 व्या स्तोत्रामुळे आणि यशयाच्या 60 व्या अध्यायामुळे. तिथे राजे नजराणे घेऊन येतात, आणि उंटही यशयातलेच आहेत. मत्तयमध्ये एकही उंट नाही. गोठ्याच्या देखाव्यात मेंढपाळांच्या शेजारी त्याच रात्री त्यांना उभं करतात तेही शुभवर्तमानात बसत नाही. ते 'घरात' गेले असं लिहिलंय, आणि तिथला राजा हेरोद याने दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगितली ती मागींकडून काढलेल्या काळाच्या हिशेबाने. प्रवास किती दिवसांचा असेल? ते बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बाजूने आले असं धरलं तर जुन्या करारातल्या एज्रा या शास्त्र्याचा दाखला आहे. बाबेलहून यरुशलेमेला पोचायला त्याला चार महिने लागले होते. मधलं वाळवंट टाळायला फरात नदीच्या काठाने वर जाऊन मग खाली उतरावं लागे. शेवटचा टप्पा, यरुशलेम ते बेथलेहेम, मात्र जेमतेम आठ-नऊ किलोमीटरांचा.

आता शब्द. यासाठीच मी लिहायला बसलो.

इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहुश (डरायस) राजाचा लेख कोरलेला आहे. इ.स.पू. 522 मध्ये गादी बळकावणाऱ्या एका तोतयाची हकीकत त्यात येते. जुन्या फारसीतले शब्द असे: "मर्तिय मगुश् आह गौमात नाम". संस्कृत आठवणाऱ्याला भाषांतर लागायचं नाही. मर्त्य, आस, नाम... गौमात नावाचा एक माणूस होता, मगुश होता. हा 'मगुश'च आपला मागी! ग्रीकांनी त्याचा 'मागोस' केला, रोमनांनी 'मागुस', आणि मागुसचं अनेकवचन 'मागी'. म्हणजे 'मागींनी' म्हणताना आपण बहुवचनाचं बहुवचन करतो. करू द्या, मराठीला ते पचतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या मते मगु (मगुशचं मूळ रूप) ही प्राचीन इराणातल्या मीड लोकांच्या सहा टोळ्यांपैकी एक. पुढे ते इराणचे पुरोहित झाले. यज्ञविधी त्यांच्याशिवाय होत नसे, स्वप्नांचे अर्थही तेच सांगत.

काही नव्या भाषांतरांत 'ज्ञानी लोक' असं करून टाकलंय. कशाला? ज्ञानी कोणीही असतो. एका जमातीचं, एका धर्माच्या पुरोहितांचं नाव पुसून तिथे गुळगुळीत विशेषण बसवायचं, याला मी भाषांतर म्हणत नाही. काही टीकाकार दुसऱ्या टोकाला जाऊन सांगतात की त्या काळी या शब्दाचा अर्थ फक्त जादूटोणा करणारा असा उरला होता, इराण विसरा. तो अर्थ होता, हे खरं. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सायप्रस बेटावर पौलाला आडवा येणारा अलीम हाही ग्रीकमध्ये 'मागोस'च, आणि तिथे ती शिवी आहे. इंग्रजीतलं मॅजिक याच वाटेने आलं. पण मत्तय आदराने बोलतोय आणि 'पूर्वेकडून' असं मुद्दाम सांगतोय. एवढ्यावरही इराण दिसत नसेल तर चष्मा बदलावा.

हेरोद का घाबरला हेही इराण धरल्याशिवाय कळत नाही. 'हेरोद आणि त्याच्याबरोबर सगळं यरुशलेम घाबरलं' असं वाक्य आहे. ज्योतिष सांगणाऱ्या चार पाहुण्यांना पाहून शहर घाबरतं का? इ.स.पू. 40 मध्ये इराणच्या पार्थियन फौजांनी यरुशलेम घेऊन तिथे आपल्या मर्जीतला राजा बसवला होता. हेरोद जीव घेऊन रोमला पळाला, तिथल्या सीनेटकडून 'यहुद्यांचा राजा' ही पदवी घेतली आणि रोमन सैन्याच्या जोरावर इ.स.पू. 37 मध्ये शहर परत मिळवलं. म्हातारपणी त्याच्या दारात त्याच दिशेचे लोक येऊन विचारतात, "यहुद्यांचा राजा जन्मलाय तो कुठे आहे?" मी त्याच्या जागी असतो तर मलाही घाम फुटला असता. ताऱ्याच्या भानगडीत मी पडत नाही. गुरू-शनीची युती की धूमकेतू, हे खगोलवाल्यांनी वाटून घ्यावं. याकोबातून तारा निघेल हे भाकीत जुन्या करारातल्या 'गणना' या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात बिलाम या द्रष्ट्याच्या तोंडी आहे, आणि बाबेलात यहुदी वस्ती शतकानुशतकं होती. ही गोष्ट पूर्वेकडे कानोकानी पोचायला तेवढं पुरे.

हाच मगु भारतातही आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सहाव्या शतकात वराहमिहिर बृहत्संहितेत कोणत्या देवाची प्रतिष्ठा कोणाकडून करवावी हे सांगतो: "विष्णोर्भागवतान् मगांश्च सवितुः". विष्णूची भागवतांकडून, सूर्याची मगांकडून. कृष्णाचा मुलगा सांब कोडातून बरा व्हायला सूर्याचं देऊळ बांधतो आणि पूजेसाठी शाकद्वीपाहून मग ब्राह्मण आणवतो, ही कथा भविष्यपुराणात आहे. बिहारकडचे शाकद्वीपीय ब्राह्मण आपलं मूळ तिथेच सांगतात.

आणि मुंबईत? आमच्या जुन्या इमारतीतली पारशी शेजारीण एकदा जिन्यात भेटली. वैतागून म्हणाली, "मोबेद अजून आले नाहीत, सगळं खोळंबलंय." मी तिथेच तिला थांबवून सांगितलं की मोबेद, म्हणजे तुमचा पुरोहित, हा मूळचा मगुपती, मगूंचा मुख्य. शब्द झिजत झिजत असा झाला. तिने हातातली फुलांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "ते ठीक आहे, पण ते येणार कधी?"

'मगु' मुळात कुठून आला यावर एकमत नाही. वेदांत 'मघ' म्हणजे दान, त्यावरून दानशूर इंद्र 'मघवा', आणि आपलं मघा नक्षत्रही त्यावरूनच. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला 'मग' याचाच भाऊ आणि मगु त्याच कुळातला, असं काही अभ्यासक मानतात. बाकीचे नाक मुरडतात. मी पहिल्या गटात आहे, आणि खरं सांगायचं तर कारण शास्त्रीय नाही. सोनं, ऊद, गंधरस घेऊन इतकी वाट तुडवत आलेल्या माणसांच्या नावातच 'दान' असावं, हे सोडवत नाही.

हां, वापरायचं काय ते राहिलंच. लेखात 'मागी' लिहा, पहिल्यांदा 'इराणी पुरोहित' असा खुलासा करा. 'तीन राजे' गोव्याला ठेवा, तिथे त्यांचा हक्क आहे. पणजीसमोर मांडवीपलीकडे रेइश मागुशचा किल्ला आणि चर्च आहे. 6 जानेवारीच्या फेस्ताला तिथे मुकुट घातलेली तीन मुलं राजे होतात. 'रेइश मागुश' हे पोर्तुगीज, अर्थ मागी राजे. मागुश हे त्यांचं अनेकवचन, बेहिस्तूनचं मगुश एकवचन, उच्चारांचा मेळ निव्वळ योगायोग. पण पणजीच्या धक्क्यावर कोणी "मागुशाक वता" म्हणालं की मला तो कडा दिसतोच.