लेकीला समुद्र शिकायचाय

"ताई, मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. मेडिकलला सहज जाईल एवढे मार्क आहेत, पण तिने सागरी जीवशास्त्र घ्यायचं ठरवलंय. ह्यांचा एकच प्रश्न, पुढे पोट भरणार का? मी दोघांच्या मध्ये अडकलेय."

पोटाचं आधी बोलू, कारण भांडण तिथेच आहे. डॉल्फिन आणि शार्कच्या मागे फिरायचा पगार देणाऱ्या जागा फार थोड्या, आणि रांग लांबलचक. हे मुलीला लपवाछपवी न करता सांगा. पण या विषयातली बहुतेक माणसं भलतीकडेच कामाला असतात. यंदा किती मासे पकडू द्यायचे हे ठरवण्यासाठी कोणी साठ्याचा अंदाज बांधतं. कोणी मत्स्यशेतीत असतं. समुद्रात पवनचक्क्या उभारण्याआधी तळाच्या गाळात कोणकोणते किडे राहतात हे मोजणारेही असतात (हो, तळव्यावर मावतील एवढे किडे, आणि त्यांची नावं पाठ असावी लागतात!). हल्ली बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून तिथे कोण पोहून गेलं हेही ओळखतात.

या सगळ्यांना एक गोष्ट लागतेच: सांख्यिकी. पहिल्या वर्षी समुद्र कमी आणि रसायन, पेशी, गणितच जास्त असतं. 'आर' या संगणकभाषेत आकडेमोड करता करता कित्येकांचा उत्साह ओसरतो. पण तुमच्या ह्यांना धीर द्यायला हाच मुद्दा कामाचा आहे. ज्याला आकडे वाचता येतात, त्याला समुद्राबाहेरही काम मिळतं.

आता मेडिकलचं. समुद्रातल्या जीवांनी वैद्यकालाही बरंच दिलंय. मज्जातंतूतून संदेश कसा जातो हे हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माकूळच्या (स्क्विडच्या) जाडजूड मज्जातंतूवर शोधलं. १९६३ चं नोबेल त्यासाठीच. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला, चमकणारे जेलीफिश गोळा करायला सुरुवात केली. पुढे कित्येक उन्हाळे बायको-मुलंही जाळी घेऊन त्यांच्या मदतीला असत. त्या जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनाने आज प्रयोगशाळेत जिवंत पेशींचा माग काढतात. त्यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रथिनासाठी.

पण मुलीला समुद्र आवडतो की समुद्राचे व्हिडिओ, हे बघायला हवं. अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट घ्या, ओहोटीला खडकावर ठेवा आणि आतले बार्नकल (खडकाला चिकटून राहणारे कवचवाले जीव), शिंपले, शेवाळ मोजायला सांगा. मग दहा पावलं पुढे, पुन्हा तेच. दोन तास, वारा अंगावर घेत. विद्यापीठातही याच चौकटीपासून सुरुवात होते. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून निघाली तर तुमची काळजी निम्मी झाली म्हणा. बोट लागते का, तेही एकदा पाहून घ्या. लागत असेल तरी बिघडत नाही, प्रयोगशाळेतलं काम भरपूर असतं.

विद्यापीठ निवडताना चकचकीत माहितीपत्रकातले देवमासे बाजूला ठेवा. किनाऱ्यावर त्यांचं स्वतःचं केंद्र आहे का, बोट आहे का, क्षेत्रकार्याचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा, मधलं एक वर्ष कुठे काम करता येतं का, हे विचारा. माझं मत विचाराल तर पदवी साध्या जीवशास्त्राची किंवा प्राणिशास्त्राची घ्यावी, समुद्र पदव्युत्तरला. अठराव्या वर्षी सगळी दारं लावून घ्यायची घाई कशाला? पण गाव समुद्राला लागून असेल आणि केंद्र जुनं-जाणतं असेल, तर मी हा हट्ट सोडेन.

परदेशात राहणाऱ्यांनी कागदपत्रांकडेही बघावं. स्थानिक विद्यार्थ्याची फी लागू होण्यासाठी किती वर्षांचं वास्तव्य लागतं, हे अर्जाआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या. अनेक देशांत सरकारी संशोधन खात्यांच्या नोकऱ्या नागरिकांनाच किंवा आधी नागरिकांना मिळतात. संशोधन जहाज दुसऱ्या देशाच्या बंदराला लागतं, तेव्हा तिच्या पासपोर्टला व्हिसा लागेल का, हेही.

या शनिवार-रविवारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. ह्यांनाही न्या. एकजण मोजत असताना आकडे लिहून घ्यायला दुसरं माणूस लागतंच.