मोटरहोमने फिरताना कॅम्पग्राउंडवरच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला शाकाहारी माणसांनी जावं का?

नक्की जा. तुम्ही लिहिलंय की भाड्याचं मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन अमेरिकेत ॲरिझोनात फिरताय, कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावतात त्या जागेच्या, ऑफिसबाहेर थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतल्या कृतज्ञतेच्या सणाच्या) जेवणासाठी नावं लिहायचा कागद लागलाय, पण तुम्ही चौघंही शाकाहारी आणि ओळखीचं कोणी नाही, म्हणून संकोच वाटतोय. अहो, तिथे कोणीच कोणाच्या ओळखीचं नसतं. मुलं-नातवंडं लांब राहिलेली माणसंच बहुतेक या जेवणाला येतात. ही आपली अंगतपंगतच समजा. आपण आवळीभोजनाला डबे घेऊन झाडाखाली बसतो, तेही याच सुमारास.

आम्ही दोघं पहिल्यांदा असे जेवलो ते ॲरिझोनातल्याच क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या ला पोसाच्या वाळवंटात. ती सरकारी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवाना काढून राहता येतं, पण उभं राहायच्या जागेवर ना वीज ना नळ. शेजारच्या गाड्यांनी आपापली घडीची टेबलं जोडून लांबलचक रांग केली होती. या सणाचा मुख्य पदार्थ म्हणजे भाजलेला टर्की पक्षी, तो दोघांनी केला, बाकी ज्याने त्याने एकेक पदार्थ.

मी पातेलंभर खमंग काकडी नेली होती. माझ्या पुढच्या आजी नातवाच्या ताटात ती वाढणार, इतक्यात डाव तसाच धरून त्यांनी विचारलं, "यात शेंगदाणे आहेत का?" त्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. दाण्याचं कूट मी इतकं बारीक केलं होतं की बघणाऱ्याला तो नारळ वाटावा. माझे हातपाय गार पडले. आपल्याला कूट इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचतच नाही. आजींनीच गाडीतून मार्कर आणला, दोघींनी मिळून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि भांडं डावासकट टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलं. तेव्हापासून अशा जेवणाला मी शेंगदाणा नेतच नाही. तुम्हीही नेऊ नका, आणि पदार्थापुढे त्यात काय काय आहे त्याची चिठ्ठी ठेवा.

आता तुम्ही काय खाल. क्रॅनबेरीचा सॉस, मक्याची कणसं, पाव, सॅलड बहुधा चालतं. स्टफिंग, म्हणजे टर्कीबरोबरचं सारण, पावाचं दिसतं, पण बऱ्याचदा टर्कीच्या किंवा चिकनच्या स्टॉकमध्ये (उकळून काढलेल्या पाण्यात) भिजवलेलं असतं. ग्रेव्ही तर टर्कीच्याच रसाची. रताळ्यावर भाजलेले पांढरे मार्शमेलो (मऊ गोड गोळे) असतात, त्यात जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. मुलांना आधीच सांगून ठेवा. भोपळ्याच्या 'पाय'मध्ये (pie, गोड सारणाचा भाजलेला पदार्थ) अंडं असतं. ज्याने केलंय त्याला सरळ विचारा, लोक अगदी आवडीने सांगतात. तरीही पोटभरीचं एक तरी आपलं स्वतःचं न्याच. तुमच्याकडे प्रेशर कुकर असेल तर मसालेभात करा.

माझा हातखंडा पदार्थ भोपळ्याचं भरीत. कोरून दिवे करतात तो मोठा भोपळा पाणचट लागतो. बटरनट स्क्वॉश घ्या, तो आपल्या लाल भोपळ्याच्या जवळचा. वाफवून, कुस्करून, गार झाल्यावर दही, मीठ, चिमूटभर साखर, वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. गाडीतल्या इवल्याशा ओव्हनची गरजच नाही. फक्त भांडं बर्फाच्या परातीत ठेवा, कारण दह्याचा पदार्थ बाहेर दोन तासांवर ठेवू नये. सगळ्यांना पुरेल एवढं करायचं दडपण घेऊ नका. दहा-बारा माणसांचं पुरे, जो तो चमचाभरच घेतो.

जेवण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, बहुतेक ठिकाणी दुपारी एक-दोनलाच असतं. ताटं, चमचे आणि खुर्च्या आपापल्या. आधी कोणी छोटी प्रार्थना म्हणतं, कधी प्रत्येक जण कशाबद्दल कृतज्ञ आहे ते सांगतो. मुलांनाही एखादं वाक्य सुचवून ठेवा. आमचे हे त्या दिवशी शेजाऱ्याने काढून दिलेल्या पंक्चर टायरबद्दल बोलले, आणि तो शेजारी डोळे पुसायला लागला.

जेवून लगेच उठू नका. खरी ओळख शेवटी गोड 'पाय' खाताना होते. मात्र साडेपाचला सूर्य गेला की वाळवंट झपाट्याने गार पडतं, तेव्हा स्वेटर खुर्चीवरच अडकवून ठेवा. गाडीत परतल्यावर ताटं आधी कागदाने पुसा, मग धुवा, म्हणजे सांडपाण्याची टाकी लवकर भरत नाही. आणि दोन रिकामे डबे जवळ असू द्या, उरलेलं बांधून दिल्याशिवाय कोणी सोडत नाही.