खासगी रानात फिरायला मालक हरकत का घेतात?

तुम्ही लिहिलंय की संगमेश्वर तालुक्यात एका खासगी रानातून धबधब्याकडे जाताना मालकाने तुम्हाला परत पाठवलं. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानात फिरता येतं, मग आपल्याकडे असं का, हा तुमचा प्रश्न. मी त्याच तालुक्यातला. आमचंही साडेचार एकर रान आहे, ऐन, किंजळ आणि बेहड्याचं, खालच्या अंगाला काजू.

मुख्य भीती वणव्याची. शिमग्याच्या सुमारास सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरचं, गवत वाळून नुसतं पेट घ्यायला टेकलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी चार मुलं आमच्या रानात तीन दगडांची चूल मांडून जेवली आणि निखारे तसेच टाकून गेली. दुपारी वारा सुटला. वाडीतली वीस-बावीस माणसं, त्यात माझी साठीतली काकीही, हिरव्या डहाळ्यांनी अंधार पडेपर्यंत आग झोडपत होती. वडिलांनी लावलेली काजूची चाळीस कलमं गेली, नुकती कुठे धरायला लागलेली. ती मुलं वाईट नव्हती, त्यांना ठाऊकच नव्हतं. पण त्यानंतर अनोळखी माणूस रानात दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरं, आमच्या एका बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी वीण घालतो. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर तिला फळं आणून भरवतो. झाडाखाली कॅमेरे लावून माणसं बसली की नर समोरच्या ऐनावर घुटमळत राहतो, खाली येत नाही. आत मादी उपाशी. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बाकी आमची रानं कधीच बंद नव्हती. गुरं चरतात, बायका वाळकी लाकडं नेतात, पावसाच्या तोंडाला शेवळं, ही रानभाजी, काढायला शेजारची वाडीही येते. त्यांना कुणी अडवत नाही, कारण रानाची काळजी त्यांनाही आहे. स्वीडनमधला हक्क १९९४ पासून तिथल्या राज्यघटनेत आहे खरा, पण नासधूस करायची नाही, ही अट त्यालाही आहेच.

आणखी एक अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत, निम्मी मुंबईत. धबधब्यावर कुणी घसरून पडलं तर पोलीस गावात राहणाऱ्याच्याच दारात येणार. शिवाय उभ्या रानातून हाती काहीच येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल असं मालकीचंच आहे, आणि दहा-बारा वर्षांनी ठेकेदार येऊन जळाऊ लाकडासाठी सगळं एकदम मागतो. गेल्या खेपेला आम्ही त्याला नाही म्हटलं. पुढच्या खेपेला भावकीला काय सांगू? वाडीतला एखादा वाटाड्या घेऊन, त्याची मजुरी देऊन माणसं आली, तर उभ्या रानाचेही चार पैसे होतात हे मला त्यांना दाखवता येईल. म्हणून मला तुम्ही यायला हवे आहात.

फक्त आधी वाडीत येऊन विचारा. चूल नको, स्पीकर नको. आणि उन्हाळ्यात नको, गणपतीच्या आसपास या. तेव्हा सडा तेरड्याने गुलाबी झालेला असतो, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असतं आणि आग लागायची धास्ती नसते.