टीबीचा रुग्ण घरी असताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाईंच्या टीबीच्या गोळ्यांना दोन महिने झाले. खोकला थांबला, तशा त्या गोळ्या टाळू लागल्या आहेत.

उत्तर : खोकला थांबला म्हणजे जंतू संपले असं नाही. पहिले २ महिने चार औषधं मिळून बहुतेक जंतू मारतात. दबून बसलेल्यांसाठी पुढचे ४ महिने तीन औषधं लागतातच. मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. म्हणून घरच्यांची खरी गरज आता आहे. ‘गोळी घेतली का?’ असं लांबून विचारू नका. ठरल्या वेळी पाण्याचा पेला घेऊन समोर बसा, गिळेपर्यंत थांबा, लगेच कार्डावर खूण करा. वजन ५० ते ६४ किलो असेल तर रोज ४ गोळ्या असतात. त्या एकदमच घ्यायच्या. दोन सकाळी, दोन रात्री अशा वाटल्या तर रक्तात औषध पुरेसं चढत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, आशाताईंना कळवा. दोन महिन्यांनंतरची थुंकीची तपासणी राहिली असेल तर तीही याच आठवड्यात उरका.

प्रश्न : लघवी केशरी होते, मळमळतं. गोळ्या थांबवू का?

उत्तर : केशरी रंग गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा, त्याला घाबरू नका. गोळ्या रिकाम्या पोटी उत्तम लागू पडतात, पण मळमळत असेल तर आधी थोडं खायला हरकत नाही. मात्र डोळ्यांवर लक्ष ठेवा. दिवसाच्या उजेडात खालची पापणी ओढून पांढरा भाग बघा. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा नीट कळत नाही. डोळे पिवळे, उलट्या थांबत नाहीत, अन्नावरची वासना उडाली, तर यकृताला त्रास होत असू शकतो. पुढचा डोस न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखेना, तरी तसंच करा.

प्रश्न : ताटवाटी वेगळी ठेवावी का? घरात चार वर्षांचा नातू आहे.

उत्तर : नाही. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. माणसाला वेगळं पाडून फक्त त्याचं मन मोडतं. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल, बेडका झाकणाच्या डब्यात. नातवाला मात्र लगेच तपासून घ्या. त्याला आजार नसला तरी पाच वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक औषध देतात.

प्रश्न : आहाराचे पैसे मिळतात का?

उत्तर : हो. निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपयांप्रमाणे पैसे बँक खात्यात येतात. अंडी, डाळी, शेंगदाण्यांवर खर्च करा. दर महिन्याला वजन करा. वाढलं तर गोळ्यांची संख्याही बदलू शकते, म्हणून तो आकडा दवाखान्यात आवर्जून सांगा.