वाचक विचारतात : छोट्या बोटीतून सॅमन गरवताना

ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, जॉर्जिया आणि हुआन दे फुका सामुद्रधुन्यांत, सोळा-अठरा फुटी बोटी घेऊन सॅमन गरवायला जाणाऱ्या वाचकांची ही पत्रं आहेत. बहुतेकांकडे डाउनरिगर आहे, म्हणजे तारेला शिशाचा गोळा लावून तंगूस हव्या त्या खोलीवर नेणारं यंत्र. म्हणून उत्तरंही त्याला धरूनच दिली आहेत. तंगूस गोळ्याजवळ एका क्लिपने धरलेला असतो. क्लिपच्या मागे फ्लॅशर, म्हणजे पाण्यात फिरणारी चकचकीत पट्टी, मग लीडर, म्हणजे फ्लॅशरपासून गळापर्यंतचा तंगूसाचा तुकडा, आणि गळावर हूची, म्हणजे माखलीसारखं रबरी आमिष. चिनूक आणि कोहो या सॅमनच्या दोन जाती.

जीपीएसवर अडीच नॉटचा वेग काटेकोर ठेवतो. फ्लॅशर आणि हूची शेजारच्या बोटीसारखेच आहेत. त्यांना मासा लागतो, आम्हाला नाही. रंग बदलून बदलून थकलो. — एक वाचक, सूक

रंग राहू द्या, आधी वेग तपासा. जीपीएस दाखवतो तो तळाच्या हिशेबाने वेग. गळाला कळतो तो पाण्यातला वेग. एक नॉटचा प्रवाह असेल आणि तुम्ही प्रवाहाबरोबर जात असाल, तर जीपीएसवर अडीच दिसताना फ्लॅशर पाण्यातून फक्त दीड नॉटने ओढला जातो. बोट वळवून प्रवाहाविरुद्ध निघालात की तोच आकडा साडेतीन होतो. पडद्यावर काहीच बदललेलं नसतं, खाली मात्र सगळं बदललेलं असतं.

हूचीला स्वतःची हालचाल नसते. फ्लॅशर पूर्ण गोल फिरतो, प्रत्येक फेरीत लीडरला हिसका बसतो आणि त्या हिसक्याने हूची उसळते. वेग कमी पडला तर फ्लॅशर नुसता डुलतो आणि हूची मेल्यासारखी मागे ओढली जाते. वेग फार झाला तर तो इतक्या झपाट्याने फिरतो की मासा मागे लागला तरी त्याला घास पकडता येत नाही.

म्हणून नजर तारेवर ठेवा. १० ते १२ पौंडांच्या गोळ्याला तार उभ्या रेषेपासून साधारण १५ ते २० अंश मागे झुकलेली असावी. दिशा बदलली की थ्रॉटल पुन्हा लावा आणि तारेचा कल पूर्वीइतकाच आणा. जीपीएसवर तेव्हा काहीही आकडा येवो. चिनूकसाठी पाण्यातला वेग २ ते २.५ नॉट, कोहोसाठी ३ च्या आसपास. खाली सोडण्याआधी फ्लॅशर बोटीच्या कडेला दोन हात पाण्यात धरून बघा. पूर्ण गोल फिरत असेल तरच सोडा.

खाली गेल्यावर रॉडचं टोक बोलतं. फ्लॅशर नीट फिरत असला की टोक एका ठेक्यात हलत राहतं. तो ठेका मंदावला किंवा अडखळू लागला तर ईलग्रास या समुद्री गवताची पात अडकली आहे, नाहीतर वीतभर लांबीचा पिल्लू सॅमन लागलाय आणि रॉड वाकवण्याइतकी ताकद त्याच्यात नाही. दोन्हींत तंगूस वर घ्यायचाच. काही झालेलं दिसत नसलं तरी वीसेक मिनिटांनी एकदा तपासलेलं बरं. गवत लागलेला गळ तासभर ओढत राहणं हे रिकाम्या हाताने परतण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आता खोली. डाउनरिगरचा काउंटर दाखवतो ती सोडलेल्या तारेची लांबी. १०० फूट तार ३० अंशांनी मागे गेली तर गोळा सुमारे ८७ फुटांवर असतो, ४५ अंशांना जेमतेम ७० वर. तार पाण्यात सरळ राहत नाही, बाक घेते, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. पण साउंडरवर, म्हणजे खाली काय आहे ते दाखवणाऱ्या पडद्यावर, ९० फुटांवर हेरिंग या छोट्या माशांचे थवे दिसत असताना तुमचा गळ नेमका कुठून जातोय हे ठरवायला तो पुरतो.

बोट वळवताना आतल्या बाजूचा गळ मंदावून खाली जातो आणि बाहेरचा वेग घेऊन वर येतो. मासा वळणावर लागला तर कोणत्या बाजूला लागला ते लक्षात ठेवा. आतल्या रॉडला लागला असेल तर माशांना हळू किंवा खोल हवंय. बाहेरच्या रॉडला लागला तर उलट.

लीडर नेमका किती लांब ठेवावा? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. — एक वाचक, नानायमो

११ इंची फ्लॅशरमागे हूची असेल तर चिनूकसाठी ४० ते ४४ इंच, कोहोसाठी २८ ते ३२. लीडर आखूड केला की हिसका जोरात बसतो, आणि कोहोला तसंच चालतं. तंगूस ३० ते ४० पौंडी घ्या. जाड आणि ताठ तंगूस हिसका हूचीपर्यंत पोचवतो, बारीक असला तर तो मध्येच जिरतो. टीझर हेडमध्ये, म्हणजे डोक्यावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोपणात, बसवलेली अँचोवी ही छोटी मासळी स्वतःच गिरक्या घेते, तिला फ्लॅशरच्या हिसक्याची गरज नसते. तिच्यासाठी ५ ते ६ फूट ठेवा. स्पूनलाही, म्हणजे चमच्यासारख्या धातूच्या आमिषालाही, तेवढाच चालेल. आकडे वेगवेगळे ऐकू येतात ते बहुतेक वेळा आमिष वेगळं असल्यामुळे.

लीडर मोजायचा तो फ्लॅशरच्या कडीपासून गळापर्यंत, गाठी मारून झाल्यावर. खरचटला म्हणून कापून पुन्हा बांधला की दर वेळी दोन-तीन इंच जातात, आणि ४२ चा लीडर न कळत ३४ वर येतो. क्लिपपासून फ्लॅशरपर्यंत १५ ते २० फूट ठीक.

मासा लागतो, पण निम्मे तरी वर येईपर्यंत सुटतात. उलटा काटा नसलेल्या गळांमुळे असेल का? — एक वाचक, व्हिक्टोरिया

इथे सॅमनसाठी बिनकाट्याचा गळ सक्तीचा आहे, आणि तंगूस ताणलेला राहिला तर तो पुरेसा धरून ठेवतो. मासे सुटतात ते ढील मिळाल्यामुळे, आणि ही ढील बहुधा पहिल्या पाच सेकंदांत पडते.

मासा लागल्यावर तंगूस अजून क्लिपमध्ये असतो. रॉड होल्डरमधून काढून तसाच हिसका दिला तर क्लिप सुटते, आणि गोळ्यापासून वरपर्यंतचा तंगूस एकदम सैल पडतो. तेव्हा आधी रॉड खाली झुकवून रीळ भराभर गुंडाळा. टोक क्लिपच्या ताणाने चांगलं वाकलं की मग रॉड उचलून क्लिप सोडवा, आणि माशाचं वजन हाताला लागेपर्यंत गुंडाळणं थांबवू नका. क्लिप फार घट्ट लावलेली असेल तर इथेच घोळ होतो. हाताने जोराने ओढल्यावर सुटेल इतकीच ती लावा.

मासा बोटीकडे धावत आला की ओझं नाहीसं होतं आणि सुटला असं वाटून माणसं थांबतात. थांबू नका, दुप्पट वेगाने गुंडाळा. चालवणाऱ्याने बोट किंचित पुढे काढली की तंगूस पुन्हा ताणला जातो. दुसरा रॉड आणि दोन्ही गोळे तोवर वर आलेले हवेत.

शेवटची अडचण बोटीच्या कडेला येते. फ्लॅशर रॉडच्या टोकाशी आला तरी मासा त्याच्यामागे लीडरइतका दूर असतो. फ्लॅशर टोकाच्या कडीत ओढू नका. तो टोकापासून फूटभर राहिला की रॉड उंच धरून एक पाऊल मागे या. मासा कडेला येतो. जाळं आधीच पाण्यात बुडवलेलं असावं आणि मासा डोक्याकडून त्यात आणावा. शेपटीमागून जाळं मारलं की तो उसळतो, मोकळा गळ जाळ्याच्या दोऱ्यात अडकतो आणि जाळ्याबाहेरचा मासा एका झटक्यात निसटतो.

गोळा खडकात अडकला तर काय करायचं? — एक वाचक, कॅम्पबेल रिव्हर

हा प्रश्न जिवाचा आहे. डाउनरिगर बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर असतो. गोळा तळाला अडकला आणि प्रवाह बोट ढकलत राहिला, तर तार तो कोपरा खाली खेचते आणि लाट आत येते. लहान बोट अशाने भरून जाऊ शकते.

पहिली कृती म्हणजे डाउनरिगरचा क्लच सैल करून तार सुटू द्यायची. मग इंजिन न्यूट्रलला आणायचं, बाकीचे तंगूस गुंडाळायचे, आणि तार पंख्यात जाणार नाही अशा बेताने वळून गोळ्याच्या पलीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जायचं. आला त्याच्या उलट दिशेने ओढल्यावर गोळा बहुधा मोकळा होतो. नाही झाला तर तार तोडा. त्यासाठी पक्कड डाउनरिगरशेजारीच बांधलेली असू द्या, पेटीच्या तळाशी नको. क्लच नेहमी इतपत सैल ठेवा की अडकल्यावर तार आपोआप घसरेल. तार आणि गोळा यांच्यामध्ये तारेपेक्षा कमी ताकदीचा दोरीचा फास घातला तर नुकसान एका गोळ्यावर भागतं.

लाइफजॅकेट अंगावरच हवं. हुआन दे फुकातलं पाणी उन्हाळ्यातही १० अंशांच्या आसपास असतं. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर, म्हणजे मदत मागायच्या चॅनलवर, लावून ठेवा. हुआन दे फुकात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, आणि ओहोटीचं पाणी त्याच्या विरुद्ध वाहू लागलं की लाटा आखूड आणि उभ्या होतात. सकाळीच जाऊन या.

चिनूक सोडायचा आणि कोहो ठेवायचा असेल तर दोघांना ओळखायचं कसं? — एक वाचक, सिडनी (ब्रिटिश कोलंबिया)

चिनूकच्या खालच्या दातांच्या मुळाशी हिरड्या काळ्या असतात आणि ठिपके शेपटीच्या वरच्या-खालच्या दोन्ही पाळ्यांवर. कोहोच्या हिरड्यांची कड पांढुरकी असते, ठिपके फक्त वरच्या पाळीवर. पाठीचा पर आणि शेपटी यांच्यामधला छोटा मांसल पर कापून त्या जागी भरलेला वण दिसला तर मासा हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेला, समजा. बऱ्याच ठिकाणी ठेवायची परवानगी यावरच ठरते. नियम क्षेत्राप्रमाणे, आणि हंगामाच्या मध्येही, बदलतात. फिशरीज अँड ओशन्स कॅनडाची सूचना निघण्याआदल्या रात्री वाचा. ठेवलेला चिनूक तिथल्या तिथे परवान्यावर नोंदवावा लागतो.

सोडायचा मासा जाळ्यात घेऊच नका. कोहोचे खवले चटकन सुटतात, आणि खवले गेलेला मासा पोहत निघून गेला तरी जगेलच असं नाही. पाण्यातच ठेवून लीडर धरा, गळ काढायचा आकडा लीडरवरून गळाच्या बाकापर्यंत सरकवा आणि उलटा करा. माशाच्या वजनानेच गळ निघतो.

तळाजवळ गरवताना रॉकफिश लागला तर गोष्ट वेगळी. सॅमनला हवेच्या पिशवीतली हवा तोंडावाटे बाहेर टाकता येते, रॉकफिशला येत नाही. तो फुगून वरच तरंगतो आणि मरतो. ठेवायचा नसेल तर त्याला वजन लावलेल्या उलट्या गळाने, आला तेवढ्याच खोलीवर परत सोडायला हवं. परवान्याचीही तशी अट आहे.

ताज्या सॅमनचे कच्चे काप खायचे आहेत. चालेल का? — एक वाचक, रिचमंड

थेट बोटीवरून नको. समुद्रातल्या सॅमनमध्ये अनिसाकिस जंत असतात. कच्चा खायचा तर मासा उणे २० अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली ७ दिवस गोठवावा, आणि तुकडा ६ इंचांपेक्षा जाड नसावा. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ वर लावलेला असतो, तेव्हा आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. नाहीतर आतपर्यंत ६३ अंशांना शिजवून खा.

चव मात्र बोटीवरच ठरते. डोक्यावर एक घाव, लगेच कल्ले कापून मासा डोकं खाली करून समुद्राच्या पाण्याच्या बादलीत, रक्त गेलं की पोट साफ. कण्याखालची काळपट रक्ताची पट्टी चमच्याने खरवडून काढा, पोटात बर्फ भरा. वितळलेल्या गोड्या पाण्यात मासा भिजत ठेवू नका, मांस पिळपिळीत होतं. आणि घरी पोचेपर्यंत तुकडे करू नका. तपासणीत प्रजाती, लांबी आणि संख्या ओळखता आली पाहिजे.